आधी खोलीतला लाईट बंद करा

आमच्याकडे मोतीबिंदू माहीत नाही असं घर सापडायचं नाही. गावात शिबिराची गाडी येते, नावं लिहून घेतात, म्हाताऱ्या माणसांना जीपमध्ये बसवून तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला नेतात, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि आजी नातवाला बघून रडते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे ज्यांचं नाव घराघरात पोचलं ते डॉ. तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात त्यांनी नोकरीही केली. त्यामुळे मराठवाड्यात डोळ्याचा डॉक्टर म्हणजे मोतीबिंदू काढणारा हे लोकांच्या डोक्यात पक्कं आहे, आणि त्यात वाईट काहीच नाही, कितीतरी माणसांची नजर त्यानेच परत आली. मला मात्र आज काचबिंदूबद्दल लिहायचंय, आणि त्यातही तो शिकायला डोळ्याच्या डॉक्टरला जे वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागतं त्याच्याबद्दल, कारण ते घेऊन परत आपल्याच भागात प्रॅक्टिसला बसल्यावर माझं ठाम मत झालंय की हे ट्रेनिंग चार-दोन जणांनी लांब जाऊन घ्यायची गोष्ट राहता कामा नये, ते इथे आपल्या जिल्ह्यांत यायला पाहिजे.

काचबिंदू काय असतो ते आधी थोडक्यात सांगते. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होत असतं, आणि बुबुळाच्या कडेला आतल्या कोपऱ्यात एक बारीक जाळी असते तिच्यातून ते बाहेर जातं. जाळी नीट काम करेनाशी झाली किंवा त्या कोपऱ्याचं तोंडच मिटलं की न्हाणीतली मोरी तुंबल्यासारखं पाणी साचतं, डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि नजर मेंदूपर्यंत नेणाऱ्या मागच्या नसेचे तंतू एकेक करून मरायला लागतात. मेलेला तंतू परत येत नाही. प्रेशर साधारण 10 ते 21 च्या मध्ये असतं, पण 18 प्रेशर असून नस खराब झालेले पेशंट असतात आणि 24 असून वर्षानुवर्षं काहीच न झालेलेही असतात, म्हणजे नुसता आकडा बघून भागत नाही. नजर जाते ती कडेकडेने, मधली शेवटपर्यंत टिकते, म्हणून माणूस मोबाईलवरचा नंबर वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि त्याला वाटतं आपले डोळे ठणठणीत आहेत, फक्त उंबऱ्याला ठेच लागते, बाजूने आलेली मोटारसायकल अंगावर येईपर्यंत दिसत नाही, आणि घरचे म्हणतात बाबांचं आता वय झालं.

भारतात एक कोटीहून जास्त लोकांना काचबिंदू असेल असा अंदाज आहे. दक्षिणेत गावोगावी जे मोठे सर्व्हे झाले, आंध्रातला, मदुराईकडचा, चेन्नईचा, त्यात काचबिंदू सापडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं. त्यातले काही जण तर आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलेले होते. ही दुसरी गोष्ट मला फार लागते. पेशंट आलाच नाही तर आपण काय करणार, पण तो समोर स्टुलावर बसून, नंबर काढून, चष्मा घेऊन गेला आणि त्याचा काचबिंदू तसाच राहिला, तर ते आपल्या शिकण्याशी येऊन थांबतं.

डोळ्यांच्या एमएसची, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या शिक्षणाची, तीन वर्षं आठवली की डोळ्यासमोर गर्दीच येते. सकाळी ओपीडीत बाकड्यावर माणसं दाटीवाटीने बसलेली, सिस्टर ओळीने सगळ्यांच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकत चाललेली, कारण तपासायचं भरपूर आणि वेळ थोडा. मोतीबिंदू शोधायला ते ठीक आहे. पण काचबिंदूसाठी बाहुली मोठी व्हायच्या आत बघायचं असतं. तो पाण्याचा कोपरा उघडा आहे की मिटलाय, हे थेंब पडल्यावर कळत नाही, आणि कोपरा आधीच अरुंद असेल तर त्या थेंबानेच प्रेशरचा झटका येऊ शकतो. आपल्याकडे उन्हातान्हात जन्म काढलेल्या वयस्कर माणसांत एक प्रकार दिसतो, बाहुलीच्या काठावर पांढरे बारीक कण साचलेले असतात, त्याने पुढे काचबिंदू होतो आणि मोतीबिंदूचं ऑपरेशनही अवघड जातं, तेही बाहुली लहान असतानाच काठावर नीट दिसतं. पुस्तकात हे सगळं आहे, परीक्षेत आम्ही लिहिलंही. पण पुस्तकात असणं आणि रोजच्या कामात हाताला सवय असणं यात फार अंतर आहे, ते अंतर पार करायला कोणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं.

फेलोशिपला मी तामिळनाडूतल्या एका मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एमएस किंवा तिच्याच तोडीची डीएनबी झाल्यावर एकाच विषयाचं असं पुढचं ट्रेनिंग असतं, कुठे एक वर्षाचं कुठे दोन, आणि नोकरी सांभाळून करणाऱ्यांसाठी काही आठवड्यांचे छोटे कोर्सही असतात. दक्षिणेकडे ही परंपरा जुनी. मदुराईचं अरविंद 1976 साली सुरू झालं ते 11 खाटांचं, डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून रिटायर झाल्यावर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी काढलं, संधिवाताने बोटं वाकडी झालेली असताना ते ऑपरेशन करायचे. मग 1978 ला चेन्नईत शंकर नेत्रालय आणि 1987 ला हैदराबादला एल व्ही प्रसाद. तिथे उपचार आणि शिकवणं एकाच छताखाली वाढत गेलं, आणि त्याचा परिणाम असा की आजही आपल्याकडच्या पोरापोरींना काचबिंदू शिकायचा म्हटलं की रेल्वेचं तिकीट काढावं लागतं.

तिथे पहिल्यांदा काय शिकवलं असेल तर लाईट बंद करायला. खोटं वाटेल, पण खरंच. कोपरा बघायच्या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात, डोळ्याला भूल द्यायचा थेंब टाकून चार आरसे बसवलेली एक छोटी भिंग बुबुळावर अलगद टेकवायची आणि स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या मशीनमधून, त्या आरशात कोपरा बघायचा. आता उजेड पडला की बाहुली बारीक होते आणि बाहुली बारीक झाली की मिटलेला कोपराही ओढला जाऊन उघडा दिसतो. म्हणजे ट्यूबलाईट चालू ठेवून, खिडकीचा पडदा उघडा ठेवून, जाड प्रकाश टाकून बघितलंत तर बंद कोपऱ्याच्या पेशंटला तुम्ही 'ओपन' लिहून घरी पाठवणार. म्हणून खोली काळीकुट्ट, प्रकाशाची पट्टी बारीक आणि आखूड, ती बाहुलीवर चुकूनही पडू द्यायची नाही, आणि भिंग टेकवताना हात इतका हलका की बुबुळावर सुरकुती उमटली नाही पाहिजे, कारण दाबलं की कोपरा जबरदस्तीने उघडतो. मग मुद्दाम दाबून बघायचं, की उघडतो का चिकटलाय. आमच्या मॅडम शेजारच्या दुसऱ्या नळीतून तेच बघत असायच्या, मी काही बोलायच्या आधी विचारायच्या, वर काय दिसतंय, खाली काय दिसतंय, जाळी कुठे सुरू झाली ते दाखव. दाखवता नाही आलं तर पुन्हा. पेशंट बिचारा शांत बसलेला असायचा, मला तमिळ तीनच गोष्टी पटकन बोलता यायच्या, मेले पारुंगा, कीळे पारुंगा, नेरा पारुंगा, वर बघा खाली बघा सरळ बघा, आणि त्या तीन गोष्टींवर ती सगळी माणसं माझ्यासमोर तासन्‌तास सहकार्य करत राहिली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. हळूहळू जो नुसता चॉकलेटी-पांढरा गोंधळ दिसायचा त्यात रेषा दिसायला लागल्या, आणि एकदा दिसायला लागल्या की मग त्या न बघता पेशंटला सोडवतच नाही.

प्रेशर मोजायचंही तसंच. हवेचा फुगारा मारणारं मशीन सगळीकडे असतं, चाळणी म्हणून ते ठीक, पण खरं मोजमाप गोल्डमनच्या टोनोमीटरवर, निळ्या उजेडात दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना जेमतेम भिडल्या की तो आकडा वाचायचा. रंग जास्त झाला तर आकडा चुकतो, पेशंटने श्वास कोंडला तर चुकतो, आपलं बोट पापणीवरून डोळ्यावर दाबलं गेलं तर चुकतो, बुबुळ पातळ असेल तर मुळातच कमी येतो. मशीन बरोबर मोजतंय का ते ठराविक दिवसांनी तपासायचं, हेही फेलोचंच काम.

मागची नस बघणं हा तर वेगळाच अभ्यास. फोटो काढायची, नसेच्या थरांची जाडी मोजणाऱ्या ओसीटीची सगळी मशीनं तिथे होती, तरी आम्हाला प्रत्येक पेशंटची नस आधी पेन्सिलने काढायला लावायचे. कागदावर काढायची म्हटलं की बघावीच लागते, कुठली कड पातळ झालीय, खालच्या बाजूला खाच आहे का, काठावर रक्ताची बारीक रेघ आहे का. काहींची नस जन्मतःच मोठी असते, त्यातला खड्डाही मोठा दिसतो आणि त्यांना काहीही झालेलं नसतं, अशा धडधाकट माणसाला कोणीतरी प्रेशर कमी करायचे जन्मभराचे थेंब सुरू करून दिलेले असतात. काचबिंदू चुकवणं वाईट तसंच नसलेला काचबिंदू गळ्यात मारणंही वाईट, शेतकऱ्याच्या घरात दर महिन्याचा तो खर्च कुठल्यातरी दुसऱ्या गोष्टीतून निघतो. एखाद्याचे थेंब बंद करायची हिंमत मला या ट्रेनिंगने दिली आणि मी ती फार मोठी देणगी समजते.

ऑपरेशनचं सांगायचं तर ट्रॅबेक्युलेक्टॉमी, म्हणजे साचलेल्या पाण्याला बाहेर जायला नवी वाट करून देणं, जी 1968 मध्ये केर्न्स यांनी केंब्रिजहून मांडली, आजही मुख्य ऑपरेशन तेच आहे. आधी बोकडाच्या डोळ्यावर सराव, खाटकाकडून सकाळी आणलेले डोळे, पांढऱ्या भागाचा पातळ पापुद्रा एकसारखा सोडवायचा, जाड झाला तर पाणी निघत नाही आणि पातळ झाला तर फाटतो. हात बसायला वेळ लागतो पण बसतो. अवघड असतं ते नंतरचं. मोतीबिंदूत टाका नाही, दुसऱ्या दिवशी नजर, आभार मानून पेशंट घरी. इथे पहिले काही आठवडे रोजचा जीव टांगणीला, पाणी जास्त निघालं तर डोळा बसतो, कमी निघालं तर प्रेशर परत चढतं, मग एखादा टाका लेझरने तोडायचा, तो आज तोडायचा का चार दिवस थांबायचं हा निर्णय कुठल्याच पुस्तकात तुमच्या पेशंटपुरता लिहिलेला नसतो. म्हणूनच ज्या हॉस्पिटलात फेलो ऑपरेशन करतो आणि नंतर पेशंट दुसऱ्याच कोणाकडे जातो तिथे निम्मंच शिक्षण होतं असं मला वाटतं. ज्यांच्यात हे ऑपरेशन चालत नाही त्यांच्यासाठी नळी बसवायची इम्प्लांट्स असतात, मदुराईच्या ऑरोलॅबने ती आपल्याकडे बनवून परदेशी मालाच्या मानाने खूपच स्वस्तात आणली, त्यामुळे गरिबाला 'आता काही होणार नाही' असं सांगायची वेळ कमी झाली.

आणि एवढं सगळं करून नजर वाढत नाही. हे पेशंटला ऑपरेशनच्या आधी, नीट, त्याच्या घरच्यांसमोर सांगावं लागतं. परळीकडचे एक मामा टाके काढायला आले तेव्हा त्यांच्यासोबतची मावशी मला म्हणाली, "ऑपरेशन करून बी हाय तेवढंच दिसायलंय की मॅडम, मग केलं कामून?" मी आधी सांगितलेलं होतं, मामांना आठवतही होतं, तेच तिला म्हणाले, "अगं हाय तेवढं ऱ्हावं म्हणून केलंय." मला त्या दिवशी मनापासून बरं वाटलं, कारण हे वाक्य पेशंटच्या तोंडून येणं म्हणजे काचबिंदूचा निम्मा उपचार झाला.

थेंबांचंही असंच. सगळ्यांना विचारलं तर सगळेच म्हणतात टाकायलो की रोज. तिथे शिकवलेलं होतं की विचारू नका, टाकून दाखवा म्हणा. इथे आल्यावर मी ते रोज करते, आणि किती थेंब गालावर पडतात, किती पापणीवर, किती जण बाटलीचं टोक डोळ्याला घासतात ते समोर दिसतं. मग खुर्चीत मान मागे टाकून, खालची पापणी ओढून, एकच थेंब, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दम्याचा त्रास विचारल्याशिवाय टिमोलॉलचा थेंब लिहायचा नाही. लॅटानोप्रोस्ट या दुसऱ्या थेंबाच्या न उघडलेल्या बाटल्या बहुतेक थंड ठेवायच्या असतात, उघडल्यावरही फार गरमीत ठेवून चालत नाही, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, घरात फ्रीज नाही, तर माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात डबी ठेवणारी माणसं मी बघितली आहेत. त्यापेक्षा गार न ठेवता चालणारी कंपनी शोधून लिहून देणं हे डॉक्टरचं काम आहे.

इथल्या काचबिंदूची काही रूपं मला फेलोशिपमध्ये एवढ्या दाटीने दिसली नव्हती. मोतीबिंदू पूर्ण पिकल्याशिवाय काढायचा नाही हा जुना समज अजून घट्ट आहे, त्यात सोयाबीन निघू दे, कापूस वेचून होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे करत माणूस थांबतो आणि एके रात्री तो फुगलेला मोतीबिंदू कोपरा बंद करून टाकतो, डोळा लालबुंद, डोकं फुटायची वेळ, उलट्या. गावात त्याला पित्त झालं म्हणून दोन दिवस इंजेक्शनं बसतात. ते दोन दिवस नसेला परवडत नाहीत. दुसरं म्हणजे लहान पोरं. धुळीने, उन्हाने डोळे खाजतात, मेडिकलवरून कुठलेतरी थेंब आणतात, त्यात स्टिरॉइड असतं, चार दिवसांत लाली जाते म्हणून आई दरवेळी तीच बाटली दाखवून नवी आणते, आणि दोन-तीन वर्षांनी पोरगं शाळेत फळा दिसत नाही म्हणून येतं तेव्हा प्रेशर चाळीसच्या घरात आणि नस वाळलेली. दहा-बारा वर्षांच्या लेकराच्या बापाला हे सांगताना माझा आवाज अजूनही नीट निघत नाही. शाळेतल्या तपासणीला गेलं की मी खाजऱ्या डोळ्यांच्या प्रत्येक पोराला घरातली बाटली घेऊन यायला सांगते.

आणि ऊसतोड. दसरा झाला की बीडकडच्या टोळ्या निघतात, सांगली-कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत, आणि परततात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. काचबिंदू हा तीन-तीन महिन्यांनी दाखवायचा आजार, कोयत्यावर गेलेल्या माणसाने कुठे दाखवायचं? अशा पेशंटला थेंब लिहून देणं म्हणजे कागदावरचा उपचार. 2019 साली इंग्लंडचा एक मोठा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला, काचबिंदूच्या सुरुवातीलाच थेंबांऐवजी एसएलटी नावाचं लेझर केलं तर तीन वर्षांनी चारातल्या जवळजवळ तिघांना थेंबांशिवाय भागत होतं. तो वाचताना माझ्या डोळ्यासमोर लंडन नाही, केज-धारूर-वडवणीच्या टोळ्या आल्या. तसंच 2016 च्या एका अभ्यासाने दाखवलं की कोपरा बंद झालेल्या, प्रेशर वाढलेल्या पेशंटमध्ये लवकर डोळ्यातली लेन्स, मोतीबिंदूत काढतात तीच, काढून टाकली तर फायदा होतो. लेन्स काढायचे हात आपल्याकडे तालुक्यापर्यंत आहेत! फक्त कोणाची काढायची हे ओळखणारी नजर पाहिजे, ती त्या अंधाऱ्या खोलीतच तयार होते.

म्हणून मी म्हणते की हे ट्रेनिंग इथे पाहिजे. जालन्याला श्री गणपती नेत्रालय उभं राहिलं, उदगीरला लायन्सचं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे, संभाजीनगरचं सरकारी घाटी हॉस्पिटल आहे, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी कॉलेजं आहेत, जागा आणि पेशंट दोन्ही आहेत. प्रत्येक कॉलेजात एमएसच्या पोरांसाठी आठवड्यातला एक दिवस फक्त काचबिंदूचा असावा, पेशंटला थेंब न टाकता आत घेणारा, एका खोलीला काळे पडदे, एक गोल्डमन, एक चार आरशांची भिंग, जिल्ह्याला निदान एक फील्डचं, म्हणजे कडेची नजर मोजणारं, मशीन आणि ते चालवताना पेशंटच्या शेजारी बसून त्याला जागं ठेवणारा माणूस. ती टेस्ट आम्हा फेलोंना स्वतः द्यायला लावली होती, मिणमिणते ठिपके दिसले की बटण दाबायचं, दहा मिनिटांत इतका कंटाळा येतो की पहिल्या वेळचा रिपोर्ट खराब आला म्हणून म्हाताऱ्या माणसावर ओरडायचं नाही हे आपोआप कळतं. ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांनाही यात घ्यावं, पेशंट आधी भेटतो तो त्यांना. आणि पेशंटसोबत जो भाऊ, बहीण, मुलगा आलेला असतो त्याला त्याच दिवशी खुर्चीत बसवायची सवय लावावी, सख्ख्या नात्यात हा धोका कितीतरी पटीने जास्त असतो आणि तो माणूस फक्त सोबत म्हणून बाकड्यावर बसून घरी जातो.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर आपल्याकडचे जे एमएस संपवून बाहेर फेलोशिपला चाललेत त्यांना एवढंच सांगायचंय की मोठ्या नावाच्या मागे लागू नका. इंटरव्ह्यूला गेलात की विचारा, गोनिओस्कोपी शिकवताना शेजारच्या नळीतून कोणी बघतं का, ऑपरेशनं स्वतःच्या हाताने किती करायला मिळतात, ती केल्यावर पुढचे दोन महिने पेशंट तुमच्याकडेच येतो का दुसऱ्या फेलोकडे जातो. स्टायपेंड आणि राहायची सोय हेही न लाजता विचारा, घरून पैसे मागवून दोन वर्षं काढणं आपल्याकडच्या पोरींना सोपं नसतं. आणि सध्या तिथे असलेल्या एखाद्या फेलोला संध्याकाळी चहाला गाठून तेच सगळं परत विचारा.